दोन ग्रॅमचं कमिशनिंग

दीपनगरात फिरणाऱ्या वस्तूबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. भुसावळ सोडून वरणगावच्या रस्त्याला लागलं की आधी चिमण्या दिसतात, मग कूलिंग टॉवर, मग वीज केंद्राची आमची कॉलनी. इथल्या दर घरात निदान एक जण असा, की ज्याने आयुष्यभर काहीतरी फिरतं ठेवलंय. कुणी टर्बाइन, कुणी कोळशाची मिल, कुणी फीड पंप, कुणी फॅन. फॅन म्हणजे छताला लटकतो तो नव्हे. बॉयलरमधला धूर ओढून चिमणीत घालणारा, ज्याच्याशेजारी उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागतं. या मंडळींना घरातला मिक्सरसुद्धा मुकाट्याने चालवता येत नाही. आधी कान लावतात, "बेअरिंग गेलंय" असं जाहीर करतात, आणि मग चटणी वाटू देतात.

अशा वस्तीत मी लेखा विभागातला माणूस. फिरणाऱ्या वस्तूंची बिलं माझ्या टेबलावरून जातात, वस्तू जात नाहीत. रेकॉर्ड प्लेअरला नवी कार्ट्रिज मागवलीय ही गोष्ट घरातल्या घरात ठेवायचा माझा विचार होता. पण कुरिअरवाल्याने पार्सल शेजारी आप्पांकडे टाकलं. आप्पा टर्बाइन मेंटेनन्समधून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते नोकरीतून. मेंटेनन्स चालूच आहे. त्यांनी खोका कानाशी नेऊन हलवला आणि कुंपणावरून विचारलं, "भाऊ, आत काय सुटं झालंय?"

आत होती ऑडिओ-टेक्निका कंपनीची हिरवी व्हीएम ९५ ई. वजन सहा ग्रॅमच्या किंचित वर. ज्यांच्या घरी रेकॉर्डी फक्त पाहुण्यांना दाखवायला उरल्यात, त्यांच्यासाठी सांगतो: रेकॉर्डवर टेकणारी सुई या डबीच्या पोटातून बाहेर डोकावत असते. टोकाला हिऱ्याचा कण, त्यामागे ॲल्युमिनियमची बारीक काडी, काडीच्या आतल्या टोकाला चुंबक, आणि चुंबकापाशी तांब्याच्या तारेची वेटोळी. खाचेतल्या नागमोडी वळणांनी सुई हलते, तिच्यामागे चुंबक हलतो आणि वेटोळ्यात वीज तयार होते. हे सांगून होईपर्यंत आप्पांचे डोळे बदलले होते.

"म्हणजे हा जनरेटर आहे."

"आप्पा, त्याला कार्ट्रिज म्हणतात."

"म्हणू द्या. चुंबक हलतो, कॉइलमध्ये करंट येतो. आपल्या पाचशेच्या सेटमध्ये दुसरं काय होऊ राहिलं?"

तत्त्वाने खरं होतं. पाचशे मेगावॉटच्या संचाचा जनरेटर २१ हजार व्होल्टने वीज देतो. माझी डबी देते ४ मिलिव्होल्ट. आप्पांनी तिथेच भागाकार केला. साडेबावन्न लाख पट. "लहान युनिट आहे," एवढंच ते म्हणाले. १९६८ साली दीपनगरचा पहिला संच लागला तोही साडेबासष्ट मेगावॉटचाच होता, तेव्हा लहान म्हणून हसायचं कारण नाही, हेही ऐकवलं. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं की अकाउंट्सवाल्या भाऊंकडे नवं युनिट कमिशन होतंय.

आमच्याकडे कुठल्याही कामाआधी मीटिंग होते आणि हिवाळ्यात कुठल्याही मीटिंगआधी भरीत होतं. पळकाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात आणि तेलाची तर्री, सोबत पुऱ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, कमिट्यांना नाही. त्यामुळे कमिटी कशीही भरवता येते. या कमिटीत आप्पा, बॉयलरचे बापू, कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशनच्या मॅडम आणि भजनी मंडळात पेटी वाजवणारे नाना असे चौघे होते. नानांना प्लँटच्या कामाचा अनुभव नव्हता, पण ते म्हणाले, ऐकायचं असेल तर ऐकणारा एक तरी हवा. तेलकट हातांनी रेकॉर्डला शिवायचं नाही हा ठराव मात्र पुऱ्या संपायच्या आधीच एकमताने मंजूर झाला. तो पुऱ्या संपेपर्यंतच पाळला गेला.

बापूंचा पहिला प्रश्न परमिटचा होता. प्लँटमध्ये परमिट घेतल्याशिवाय कुणी नटालाही पाना लावत नाही. आधी आयसोलेशन, मग लाइन क्लिअर, मग लाल टॅग, मग काम. "४ मिलिव्होल्टला कसलं परमिट, बापू?" मी म्हटलं. "व्होल्टेजचा प्रश्न नाही," बापू गंभीरपणे म्हणाले, "सवयीचा आहे." त्यांनी प्लेअरची पिन स्वतः काढली आणि जोडणी पुरी होईपर्यंत खिशात ठेवली.

मग पाणसळ आली. तबकडी सपाट नसेल तर सुईची डबी धरणारा आर्म आपोआप एकीकडे ओढला जातो, ही गोष्ट खरी. पण क्वार्टरची फरशी मोरीकडे उतरती, टेबल फरशीवर, प्लेअर टेबलावर. तेव्हा टेबलाच्या पायाखाली पत्र्याच्या चकत्या घालायचं ठरलं. अशा चकत्यांना टर्बाइनवाले शिम म्हणतात आणि त्या विषयावर ते दोन तास बोलू शकतात. आप्पांनी डायल गेज आणलं होतं. तबकडी हाताने सावकाश फिरवत त्यांनी तिच्या कडेचं उठणं-बसणं मोजलं, वहीत लिहिलं, आणि "मशीन जुनं आहे, पण शाफ्ट सरळ आहे" असा दाखला दिला. हा प्लेअर मी मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेला. त्याच्या चारित्र्याबद्दल असं चांगलं कुणी पहिल्यांदाच बोललं.

खरी अडचण वजनाची. या सुईने खाचेवर २ ग्रॅम भार द्यायचा, १.८ पेक्षा कमी नको, २.२ पेक्षा जास्त नको. भार कमी झाला तर सुई मोठ्या आवाजाला खाचेतून उसळते आणि हिरा भिंतीवर आपटत जातो. लोकांना वाटतं, हलकी सुई रेकॉर्डला जपते. उलट आहे. रेकॉर्डी जास्त खराब झाल्या आहेत त्या भीतभीत ठेवलेल्या हलक्या सुयांनी.

आप्पा म्हणाले, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असलेला काटा पाहिजे. असा काटा आमच्याकडे एकाच धंद्यात मिळतो, आणि त्यासाठी जळगाव प्रसिद्ध आहे. आम्ही सराफ बाजारात गेलो. सराफांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हिरा आहे म्हटल्यावर त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, सुईचं टोक बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "बाकीचा कुठे आहे?" पुढे असं निघालं की भार हा डबीचा नसतोच, तो आर्म, डबी आणि मागचं वजन यांच्या तोलातून उरलेला असतो. तो मोजायचा तर प्लेअर दुकानात न्यायला हवा किंवा दुकानाचा काटा दीपनगरला. सराफ दोन्हीला तयार नव्हते. हात हलवत परत आलो म्हणणार होतो, पण आप्पांनी तिथे सोन्याच्या भावाबद्दल चौकशी केली आणि घरी गेल्यावर त्यांना त्याचं उत्तर द्यावं लागलं, ते वेगळं.

उपाय निघाला तो बापूंच्या देव्हाऱ्यातून. तिथल्या पितळी डबीत स्टेनलेस स्टीलची दहा पैशांची नाणी होती, १९८८ नंतर निघालेली, बोटाच्या नखाएवढी. त्या नाण्याचं वजन बरोबर २ ग्रॅम. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने जून २०११ अखेर चलनातून काढली, तेव्हापासून या दहा पैशाला कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी फूटपट्टीच्या मध्याखाली दाभण आडवं घालून तराजू केला. एका टोकाला नाणं, तितक्याच अंतरावर दुसऱ्या टोकाला सुई. मागचं वजन चाकासारखं केसभर पुढे, केसभर मागे. पट्टी आडवी थांबली तेव्हा कुणी श्वास घेत नव्हतं. बाजारात बारके डिजिटल काटे मिळतात, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. पण डिजिटल काट्याने कमिटीला काम उरलं नसतं.

भार लागल्यावर बापूंना हिशेब सुचला. २ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण ते टेकतंय केवढ्या जागेवर? मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची जागा. त्यांनी कागदावर शून्यं मांडली. हिऱ्याचा खाचेशी किती भाग लागतो असं धराल तसं उत्तर बदलतं, पण कसंही धरलं तरी चौरस सेंटिमीटरला हजार किलोच्या पुढेच जातं. पाचशेच्या बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी वाफ १७० किलोच्या आसपास असते. बापूंनी पेन्सिल खाली ठेवली. जन्मभर ज्या दाबाला भिऊन वागले, त्याच्या कितीतरी पट दाब माझ्या टेबलावर बिनपरवाना चालू होता. "सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे हिचा?" त्यांनी विचारलं. प्रश्न विनोदाचा नव्हता.

आता कोन. इथे मला थोडं थांबायचंय, कारण सगळी मजा आणि सगळी डोकेदुखी इथे आहे. रेकॉर्डची मूळ प्रत कोरणारं यंत्र आपलं टोक कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत नेतं. आपल्या प्लेअरचा आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, म्हणजे कमानीत जातो. सरळ कोरलेलं कमानीत वाचायचं, तर सुई खाचेशी तिरकी होणारच. ही तिरकस चाल कमीत कमी कशी करावी यावर १९२४ साली पर्सी विल्सन या इंग्रजाने गणित मांडलं, १९३८ मध्ये स्वीडनच्या लॉफग्रेनने ते पक्कं केलं, १९४१ मध्ये बेअरवाल्डने पुन्हा सोडवलं. निष्कर्ष असा, की आर्मचं डोकं ठरावीक अंशात वाकवायचं, सुई तबकडीच्या मध्यबिंदूच्या थोडी पलीकडे जाईल अशी बसवायची, म्हणजे मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर सुई बिनचूक सरळ येते.

"आणि बाकीच्या रेकॉर्डवर?" आप्पा.

"बाकी थोडी तिरकी."

"म्हणजे दोनच जागी बरोबर, आणि उरलेल्या रेकॉर्डभर आउट?"

आप्पांनी आयुष्य मायक्रॉनमध्ये काढलं. दोन शाफ्ट जुळवताना शतांश मिलिमीटरसाठी त्यांनी रात्री जागवल्या. दोन ठिकाणी जुळलं की उरलेलं चालवून घ्यायचं, हे शास्त्र त्यांच्या गळी उतरेना. मला मात्र लगेच पटलं. अंदाजपत्रक आणि खर्च वर्षात फार तर दोन तारखांना जुळतात. मधल्या काळात तफावत किती असावी एवढंच आम्ही पाहतो, आणि त्यावर सही करतो. सगळ्या कमिटीत लॉफग्रेनचं म्हणणं कळलेला मी एकटाच होतो.

कोन पाहायला कागदाचा प्रोट्रॅक्टर लागतो: दोन बिंदू आणि त्यांच्याभोवती बारीक रेघांची जाळी. तो छापून आणला. आप्पांनी त्यावर व्हर्नियर लावलं आणि कागद परत दिला. छापणाऱ्याने पान मावावं म्हणून सगळं ९७ टक्क्यांवर आणलं होतं. शंभराला शंभर छापून आणेपर्यंत दुकान बंद, मग दुसरा दिवस. मग डबी हेडशेलला, म्हणजे आर्मच्या डोक्याला, दोन स्क्रूंनी अडकवायची. दोघांमधलं अंतर अर्धा इंच. हे जगभर एकच आहे, आणि एवढं एकमत दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नाही. स्क्रू सैल ठेवून डबी खाचांत पुढे-मागे सरकवायची, सुई बिंदूवर टेकवायची, वाकून बघायचं. एका बिंदूवर जमलं की दुसऱ्यावर बिघडतं. दोन्हीवर जमलं की स्क्रू आवळायचा, आणि आवळताना डबी जरा फिरते. आप्पांनी टॉर्कची आकडेवारी मागितली. ती माहितीपत्रकात नव्हती. ते रात्रभर अस्वस्थ होते, असं काकूंनी सांगितलं.

समोरून डबी उभी आहे की कललेली, हे पाहायला नानांचा दाढीचा आरसा सुईखाली ठेवला. आरशातली डबी आणि बाहेरची डबी एका रेषेत आली की झालं. नाना म्हणाले, पेटी लावताना इतका वेळ लागला असता तर भजनाऐवजी काकड आरतीच करावी लागली असती.

या सगळ्यात चार तारा राहिल्याच होत्या. पांढरी आणि निळी डाव्या कानाची, लाल आणि हिरवी उजव्या. केसाएवढ्या तारा, टोकाला चिमुकले चिमटे, डबीच्या मागच्या चार खिळ्यांवर अडकवायचे. आप्पा-बापूंच्या बोटांत तो चिमटा दिसतही नव्हता. दोघांनी मिळून टॉर्च, चष्मा आणि भिंग यांचा क्रम ठरवला. तोवर मॅडमनी पर्समधून भुवयांचा प्लकर काढला, चारही तारा लावल्या आणि "झालं, काका" म्हणाल्या. मीटिंगच्या कार्यवृत्तात याची नोंद नाही.

मग सुई टेकवली, आणि आवाजच नाही. म्हणजे होता, पण रेकॉर्डशी कान नेल्यावर. इथे जुन्या प्लेअरवाल्यांची नेहमी फसगत होते. आमच्या वडिलांच्या पेटीसारख्या प्लेअरमध्ये क्रिस्टलची कार्ट्रिज होती. तिच्यात रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक. तो दाबला की चांगली भक्कम वीज देतो, थेट ॲम्प्लिफायरला जोडली तरी घर दुमदुमतं. दोष एकच, की हा स्फटिक ५५ अंशांच्या आसपास विरघळायला लागतो आणि दमट हवेतही टिकत नाही. भुसावळचा मे महिना सावलीत ४५ ओलांडतो. माळ्यावर काय होत असेल त्याची कल्पना करा. खानदेशातल्या निम्म्या रेकॉर्ड प्लेअरांचा आवाज त्या माळ्यांवरच गेला असावा, असं माझं मत आहे. नवी चुंबकाची डबी उन्हाला भीत नाही, पण तिचे ४ मिलिव्होल्ट आधी वाढवावे लागतात. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात; ते उलट करायचं सूत्र अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवलं. हे दोन्ही करणारी एक डबी वेगळी घ्यावी लागते. ती घेतली. मंजुरी घरातून घ्यावी लागली, आणि ती प्रक्रिया आमच्या खात्यापेक्षा काटेकोर आहे.

ती जोडली आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून "हूंऽऽ" आला. नानांनी डोळे मिटले. पेटीवर सूर शोधला. "पांढरी पाच. थोडी चढी." बरोबर होतं. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि तिची गुणगुण पांढरी पाचच्या जरा वरच पडते. म्हणजे दीपनगरला तयार झालेला माल दीपनगरच्याच स्पीकरमधून परत येत होता, आणि ज्यांनी तो तयार केला ते सगळे माझ्या सोफ्यावर बसून त्याला नावं ठेवत होते. बापूंनी अर्थिंगचा खड्डा खणायची तयारी दाखवली. दहा फूट खोल, आत कोळसा आणि मीठ. कोळशाची अडचण आम्हाला नाहीच. मॅडमनी प्लेअरच्या मागची लोंबणारी हिरवी तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूखाली दाबली. गुणगुण बंद झाली. खड्डा टळला म्हणून बापू थोडे नाराज दिसले.

उरली राख. चिमणीआधी ईएसपी असतो. त्यात राखेच्या कणांना विद्युतभार देऊन पत्र्यांवर खेचून घेतात, म्हणून ती आकाशात जात नाही. जी थोडी उरते आणि जी राखेच्या तळ्यावरून वाऱ्याने उडते, तिच्यासाठी आमच्याकडे दुसरी सोय आहे: रेकॉर्ड. विनाइलची तबकडी पाकिटातून काढताना घासून भारित होते आणि खोलीतला कण न् कण ओढून घेते. तेच तत्त्व, वेगळं टेंडर. राखेचे कण एका मायक्रॉनपासून शंभरापर्यंत, आणि खाच साधारण पन्नास मायक्रॉन रुंद; म्हणजे माप घेऊन शिवल्यागत बसतात. वर ते सिलिकाचे, कठीण. बापूंनी ओल्या मखमलीने रेकॉर्ड पुसून दाखवली आणि मखमलीकडे पाहून म्हणाले, "हा आपला दोन नंबरचा सेट आहे. बंद झाला, पण माल अजून बाजारात आहे."

वेगाची तपासणी आप्पांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. एलपीचा वेग मिनिटाला ३३ १/३ फेरे. दीपनगरचे टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतात, कारण ५० सायकलच्या विजेसाठी तेवढेच लागतात. ३००० ला ३३ १/३ ने भागा: बरोबर ९०, बाकी शून्य. इतका स्वच्छ भागाकार मी नोकरीत पाहिला नाही. वेग पाहायला स्ट्रोबची चकती असते. तिच्यावर १८० काळ्या रेघा. विजेचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, वेग बरोबर असेल तर फिरणाऱ्या रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. नव्या एलईडी दिव्यांपैकी पुष्कळांत ही लुकलुकच नाही, म्हणून चोकची जुनी ट्यूब अडगळीतून काढावी लागली. रेघा थांबल्या. टाळ्या पडल्या. आप्पांनी सर्टिफिकेट लिहायला पेन काढलं.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "काका, या प्लेअरची मोटर सिंक्रोनस आहे ना?"

आप्पा थांबले. त्यांना कळलं होतं. सिंक्रोनस मोटर ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली. ट्यूबही त्याच ग्रिडवर. फ्रिक्वेन्सी घसरली तर मोटर मंदावणार आणि दिव्याची लुकलुकही तितकीच मंदावणार. रेघा थांबलेल्याच दिसणार. ही तपासणी कधी नापास होऊच शकत नाही. लेखा खात्यात याला फार जुनी परंपरा आहे: ज्याचे हिशेब, त्याच्याकडेच ऑडिट.

आणि घसरत होती, हे या खोलीतल्या माणसांइतकं कुणाला ठाऊक? आता ग्रिड ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. एवढ्या फरकाने सूर हलला तरी नानांच्या पेटीलाही कळणार नाही. पण नव्वदच्या दशकात संध्याकाळी सगळ्या राज्याचे दिवे एकदम लागले की फ्रिक्वेन्सी साडेअठ्ठेचाळीसवर यायची, कधी त्याखालीही जायची. साडेअठ्ठेचाळीस म्हणजे ३ टक्के कमी, आणि गाण्यात ३ टक्के म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंतचं निम्मं अंतर. त्या काळी ज्यांच्या घरी अशा मोटरचा प्लेअर होता त्यांनी किशोरी आमोणकरांचा भूप सकाळी ऐकला तर एका सुरात आणि संध्याकाळी ऐकला तर त्याखालच्या सुरात. किशोरीताई सुराच्या बाबतीत किती कडक होत्या, हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांच्या षड्जाला हात लावायची हिंमत संगतकारांना नव्हती. ते काम वीज मंडळ रोज सहा ते दहा करत होतं.

"म्हणजे त्या वेळी," आप्पा हळूहळू म्हणाले, "गाणं आम्ही चालवत होतो."

तो मान त्यांनी स्वीकारला. कुणी हरकत घेतली नाही.

मग ऐकलं. नानांच्या सांगण्यावरून पहिली रेकॉर्ड 'मानिनी'तल्या गाण्यांची. १९६१ चा चित्रपट, वसंत पवारांचं संगीत आणि शब्द आसोद्याच्या बहिणाबाईंचे. म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरचे. त्यातल्या प्रसिद्ध गाण्यात 'संसार' किती वेळा येतो ते खानदेशात कुणाला सांगायला नको. सुई वाकडी बसली असेल तर सगळ्यात आधी 'स' फाटतो, थुंकल्यासारखा येतो. कार्ट्रिज तपासायला परदेशात खास रेकॉर्डी विकत घेतात. आम्हाला बहिणाबाईंनी फुकट दिली. जुन्या सुईवर दर संसाराला स्पीकर शिंकायचा. आता तो गुळगुळीत आला, दोन्ही 'स' सुटे.

दुसरी परीक्षा अवघड. शास्त्रीय गाण्याची एलपी बाहेरून आत जाते: आधी विलंबित, शेवटी द्रुत. कडेला खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर सरकते, आतल्या टोकाला जेमतेम वीस सेंटिमीटर. म्हणजे गवई सगळ्यात वेगात असतो तिथे रेकॉर्ड सगळ्यात सुस्त, तानांना जागा सगळ्यात कमी. पाश्चात्त्य तंत्रज्ञांनी तबकडी केली तेव्हा विलंबित-द्रुत हा क्रम त्यांच्या गावीही नसणार. आमचं द्रुत म्हणूनच वर्षानुवर्षं फरफरत संपायचं, आणि लोक म्हणायचे, रेकॉर्ड झिजलीय. झिजलेली नव्हती, सुई तिरकी होती. त्या रात्री किशोरीताईंच्या भूपातल्या शेवटच्या ताना मोजून घ्याव्यात इतक्या सुट्या आल्या.

कमिटीचं मत विचारलं. आप्पा म्हणाले, व्हायब्रेशन नाही. बापू म्हणाले, राख कमी झाली. नाना म्हणाले, पांढरी पाच गेली. भूप कसा झाला हे कुणीच सांगेना. चौघांनीही बिघाडाकडे कान लावला होता. बिघाड सापडला नाही, म्हणून ऐकण्यासारखं काही उरलं नाही. हा दोष एकट्या दीपनगरचा नाही. उत्तम आवाजाच्या मागे लागलेले बहुतेक लोक असेच ऐकतात: शंभर रेकॉर्डी, आणि प्रत्येकीची पहिली दोन मिनिटं. मॅडम तेवढ्या दुसरी बाजू लावा म्हणाल्या. दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. तो संपूर्ण ऐकून गेल्या.

माझं मत विचाराल तर नव्या डबीने आवाज थोडा सुधारतो आणि ती नीट बसवल्याने पुष्कळ सुधारतो. महागडी डबी अंदाजाने बसवण्यापेक्षा साधी डबी प्रोट्रॅक्टरवर बसवा. पैसे त्यातच वाचतात. हे लेखा विभागाचं मत समजा.

जळगाव-भुसावळकडच्या ज्यांच्या माळ्यावर रेकॉर्डी एकावर एक आडव्या पडल्या असतील, त्यांना एक विनंती. मार्च लागायच्या आत त्या खाली उतरवा, भिंतीच्या आतल्या अंगाला उभ्या ठेवा. ६० अंशांपाशी विनाइल वाकतं आणि वाकलेली रेकॉर्ड कुठल्याच आप्पांकडून सरळ होत नाही. आणि देव्हाऱ्यात स्टीलचं दहा पैशांचं नाणं असेल तर टाकू नका. बाजारात त्याला किंमत राहिलेली नाही, पण वजन अजून २ ग्रॅमच आहे.